दोघींतली एकच आत जाते

ती बॅटरी बंद करा आधी. पालेगावात लाईट गेली की तासाभराच्या आत येत नाही, उगाच सेल जाळू नका. आणि गच्चीच्या कठड्यापासून जरा आत सरका. हां. आता ऐका.

भुताची गोष्ट मला येत नाही. झालेली गोष्ट सांगतो. बाई माझ्या ओळखीची. तिचं घर माझ्या घराला लागून, मधे एकच भिंत. रात्रसुद्धा सांगतो. तेवीस जानेवारी एकोणीसशे सत्त्याऐंशी, शुक्रवार. घड्याळात साडेबारा वाजून गेले होते, म्हणजे तसं म्हटलं तर शनिवार लागला होता. पण सुरुवात काही रात्री झाली नाही. सुरुवात झाली त्याच्या काही दिवस आधी, भर दुपारी, उल्हासनगरात, कॅम्प नंबर तीनच्या बाजारात. एक बाई बॅग घ्यायला गेली होती.

बाईचं नाव मालिनी रोकडे. वय त्रेचाळीस, लग्न केलेलं नाही. उल्हासनगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. तुम्हा पोरांना ट्रंक कॉल माहीत नसेल. तेव्हा बाहेरगावी फोन लावायचा तर आधी नंबर बुक करायचा, मग तासन् तास वाट बघत बसायचं, आणि मग मालिनीसारखी एखादी बाई म्हणायची, "पणजी लागलंय, बोला." अठरा वर्षं तिनं हेच केलं. रत्नागिरी, पणजी, मंगळूर, कोचीन... अख्खा किनारा ती आवाजानं फिरून आली होती. पायानं मात्र बदलापूर ते उल्हासनगर. बास.

दुकानदार सिंधी, म्हातारा. त्यानं मोठ्या मोठ्या बॅगा खाली काढल्या.

"कितने जन का सामान है, बहनजी?"

"एकाच माणसाचं."

"अकेले जा रहे हो? घूमने?"

मालिनीनं मान हलवली. आपण हे मोठ्यानं कबूल केलं याचीच तिला लाज वाटली. म्हातारा हसला, मोठ्या बॅगा बाजूला सारल्या आणि एक लहान, निळी काढली. "फिर ये लो. अकेले आदमी का सामान कम होता है, फिकर ज़्यादा."

आता ही जाणार कुठं होती, तर बोटीनं गोव्याला. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची. सकाळी दहाला निघाली की दुसऱ्या सकाळी पणजी. लोक लग्नाला जायचे, देवीला जायचे, कोकणातली माणसं गावी जायची. मालिनीला यातलं काहीच नव्हतं. गोव्यात तिचं कोणी नाही, काम नाही. तिला नुसतं बोटीत बसायचं होतं. जाताना समुद्र बघायचा, येताना समुद्र बघायचा. एकटीनं.

सोपं वाटतं ना? नव्हतं. घरात आई होती, भागीरथीबाई. दोन वर्षांपूर्वी मोरीत पडल्या, तेव्हापासून कमरेखालचं सगळं गेलेलं. डोळ्यांना काचबिंदू, माणूस सावलीसारखं दिसायचं. वडील, भीमराव रोकडे, अंबरनाथला माचिसच्या कारखान्यात होते, ते जाऊन बारा वर्षं झालेली. भाऊ नाशिकला, तो पत्रानं विचारपूस करायचा. राहिली मालिनी. सकाळी आईचं अंग पुसायचं, खाऊ घालायचं, ड्युटीवर जायचं, आल्यावर परत तेच. रात्री नऊला गोळी द्यायची आणि मग आईला झोप लागेपर्यंत तिचे पाय चेपायचे. त्या पायांना काही कळत नव्हतं. तरी चेपायची.

एक लक्षात ठेवा. हे घर भूतखेत मानणारं नव्हतं. छप्पन सालानंतर भीमरावांनी घरातलं सगळं बाहेर काढलं होतं, अंगारे, उतारे, लिंबू-मिरची. भिंतीवर दोनच तसबिरी, बुद्धाची आणि बाबासाहेबांची. आमच्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात कुणाला झपाटलंय म्हणून गर्दी जमली, की मालिनी पुढं होऊन विचारायची, "डॉक्टरला दाखवलं का?" अशी बाई.

आईला तिनं खोटं सांगितलं. "पुण्याला ट्रेनिंग आहे ऑफिसचं. चार दिवस." खरं सांगितलं असतं तरी भागीरथीबाई नाही म्हणाल्या नसत्या. "जा की," म्हणाल्या असत्या. पण त्या 'जा की'चं ओझं मालिनीला बोटीवर वाहवलं नसतं. खरं काय ते फक्त सुनेत्राला ठाऊक होतं. सुनेत्रा म्हणजे माझी मंडळी. तिनंच ढकललं तिला. "जा गं. अठरा वर्षांत एक दिवस स्वतःचा नाही तुझा. रात्री मी झोपते आईंजवळ."

वीस तारखेला, मंगळवारी, बोट सुटली.

जातानाचा प्रवास मालिनी पुढं किती वेळा सांगायची. वरच्या डेकवर चादर पसरून पडली होती म्हणे. वर आभाळ, खाली इंजिनाची घरघर, लांब कुठंतरी एखाद्या दीपगृहाचा दिवा फिरतोय. कुणी तिला हाक मारली नाही. "मालू, पाणी. मालू, कूस बदल. मालू, किती वाजले." कुणी नाही. सुरुवातीला तिला चुकल्यासारखं झालं. मग ती इतकी गाढ झोपली, की सकाळी खलाशानं उठवलं.

पणजीला ती एकच दिवस राहिली. नदीकाठी बाकावर बसली. मासे जेवली. गुरुवारी सकाळी परतीच्या बोटीत चढायच्या आधी पोस्टात जाऊन तिनं घरी फोन लावला. घरी म्हणजे धोंडिबाच्या किराणा दुकानात. अख्ख्या गल्लीचा फोन तोच. पलीकडून कुणीतरी ऑपरेटर म्हणाली, "बदलापूर लागलंय, बोला."

धोंडिबा ओरडून बोलायचा. "मालूताय का? अगं, म्हातारीला ताप भरलाय! काल रात्रीपास्नं! डॉक्टर येऊन गेला. सुनेत्रावहिनी बसून आहे. पण सारखं तुझं नाव घेती. मालू कुठं, मालू कुठं..."

"मी उद्या येते, दुपारपर्यंत. सांगा तिला."

"उद्या?" धोंडिबा म्हणाला. पुढं तो काय म्हणाला ते खरखरीत गेलं.

एस.टी.नं निघाली असती तरी उद्याच पोचली असती. ती बोटीत चढली. पण आता तो समुद्र तिच्या डोळ्यांत भरेना. कठड्याला धरून एकाच दिशेनं बघत राहिली, मुंबईच्या.

तिच्या शेजारी पथारी टाकली होती कौसाबाईनं. मालवणकडची म्हातारी, मुंबईला लेकीकडं निघालेली. तिनं दुपारभर मालिनीला बघितलं आणि संध्याकाळी विचारलं, "खंय गेल्लंस गो बाय?"

"फिरायला."

"एकटीच?"

"एकटीच."

"मगे आता कित्याक रडतंस?"

मालिनीनं सांगितलं. आई, ताप, खोटं बोलून आले, सगळं. अनोळखी माणसाला सांगता येतं तसं. कौसाबाईनं ऐकून घेतलं. मग जवळ सरकली आणि आवाज खाली आणला.

"ह्या बघ. दर्यात आसताना घराचो घोर करू नको. माझी आवस सांगायची. घोर केलो काय माणूस दोन जाग्यार जाता. एक हय, एक थय."

आवस म्हणजे आई, आणि घोर म्हणजे काळजी. जीव टांगणीला लावून बसणं. मालिनी एवढ्या दुःखातही हसली. "मावशी, आम्ही असलं काही मानत नाही."

"तू मानू नको. दर्यो मानता."

"बरं. मग पुढं काय होतं? दोन ठिकाणी गेल्यावर?"

"मगे काय... दोघांतला एकच दारातसून भितर जाता."

रात्र झाली. लोक जेवले, आडवे झाले. मालिनी कठड्यापाशीच. नऊ वाजले. गोळीची वेळ. सुनेत्राला गोळी सापडली असेल का? ती पांढरी द्यायची, पिवळी नाही. पाय चेपले असतील का? कोण चेपणार. आपलं माणूस असल्याशिवाय कोण चेपतं... मी तिथं हवी होते. मी आत्ता तिथं हवी होते. मी तिथं...

आणि तिच्या हाताला पाय लागला.

आईचा पाय. घोट्याजवळचं ते हाड, ती सुरकुतलेली कातडी. तापानं कढत. तिला कंदील दिसला. निलगिरीचा वास आला. आई म्हणत होती, "आलीस?"

"बाई! मागं व्हा! मागं!"

खलाशानं तिचा दंड धरून खेचलं. ती कमरेपर्यंत कठड्याबाहेर वाकली होती. खाली काळं पाणी. खलाशी शिव्या देत होता. माणसं उठून बसली. डेक कोरडा ठणठणीत, आणि मालिनीचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. पिळावं इतकं ओलं. कुणाच्या तरी घड्याळात सव्वानऊ झाले होते.

कौसाबाईनं हे सगळं बघितलं. उठली, आपली पथारी गुंडाळली आणि डेकच्या दुसऱ्या टोकाला जाऊन निजली.

पहाटे धुकं पडलं. असलं, की हात लांब केला तर बोटं दिसेनात. बोट थांबली. भोंगा वाजवत तासन् तास उभी. सकाळी दहाला लागायची ती रात्री साडेनऊला धक्क्याला लागली. उतरताना मालिनीनं कौसाबाईचं गाठोडं धरायला हात पुढं केला. म्हातारीनं गाठोडं छातीशी धरलं आणि तिच्याकडं न बघता गर्दीत घुसली.

बदलापूरला मालिनी उतरली तेव्हा साडेबारा होत आले होते. स्टेशनाबाहेर एक रिक्षा नाही. लाईट गेलेली. चंद्र अजून उगवायचा होता. हातात ती निळी बॅग. हेंद्रेपाडा चालत पंधरा मिनिटं, तेव्हा मधे अर्धा रस्ता मोकळीच जागा होती, भातखाचरं आणि दोन-चार चाळी. कुत्री असायची त्या रस्त्याला. ओळखीची कुत्री, तिची लास्ट शिफ्ट झाली की घरापर्यंत सोडायला यायची.

त्या रात्री ती उठली. तिच्याकडं बघितलं. आणि मागं मागं सरत गेली. एकही भुंकलं नाही.

धोंडिबा दुकानाच्या ओट्यावर झोपायचा. पावलं वाजली तसा तो जागा झाला. "कोण हाय?"

"मी मालिनी. आई कशी आहे?"

धोंडिबानं बॅटरी लावली. उजेड तिच्या तोंडावर मारला. खाली केला. परत तोंडावर मारला.

"मालूताय," तो म्हणाला, "तू परत कवा बाहेर पडलीस?"

"परत म्हणजे? आत्ता येतेय मी. बोट... गाडी उशिरा आली."

"आत्ता?" धोंडिबा उठून बसला. "काल रातच्याला आलीस की तू. आणि आज आठ वाजता माझ्याकडनं काडेपेटी नेलीस. ह्याच हातानं दिली मी." त्यानं आपल्या हाताकडं बघितलं. "हात गार होता तुझा. मी म्हनलो बी, मालूताय, हात किती गार..."

तो थांबला. बॅटरी विझवली. अंधारात त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता.

मालिनी चालायला लागली. म्हातारा झोपेत आहे. दुसरं काय. दुसरी कुणीतरी बाई असेल. सुनेत्रा असेल. अंधारात काय कळतं. ती असं स्वतःला सांगत होती. मोठ्यानं सांगत होती.

गल्लीत वळली. सगळी घरं काळी. तिच्या खिडकीत उजेड. कंदिलाचा.

सुनेत्रा जागी आहे, तिला वाटलं. जीव भांड्यात पडला.

सुनेत्रा तिथं नव्हती, बरं का. ती आदल्या रात्रीच घरी आली होती. गुरुवारी. सव्वानऊला. मला म्हणाली, "मालू आली. एकदम दारात उभी. नखशिखांत भिजलेली. म्हटलं पाऊस कुठं आहे? तर काही बोललीच नाही. नुसतं म्हणाली, मी आले, तू जा." सुनेत्रा आली आणि पांघरूण घेऊन पडली. तिला हुडहुडी भरली होती.

मालिनी पायरी चढली. कडीला हात घालणार, तोच तिला ऐकू आलं.

आई हसत होती.

दोन वर्षांत भागीरथीबाई हसल्या नव्हत्या. आणि आता लहान मुलीसारख्या हसत होत्या. मधेच कुणीतरी हळू बोलायचं. परत हसू.

मालिनीनं दार वाजवलं.

हसू थांबलं.

...

"कोण बोलतंय?"

तिचा आवाज. स्वतःचा. अठरा वर्षं हेडफोन लावून जो आवाज तिनं रोज वापरला, तो. स्पष्ट. थोडा रुक्ष. कामावरचा.

"मी... मालिनी."

मग आईचा आवाज.

"मालू आत आहे. माझ्या पायाशी बसलीय. तू कोण गं बाई?"

"आई, मी. मी मालू. दार उघड."

"मला उठता येतं होय?" आई म्हणाली. आणि मग, दुसऱ्या कुणाला तरी, "बघ गं मालू, कोण आहे ते."

"कोणी नाही आई. झोप तू."

पावलं. आतून दाराकडं येणारी. ओली पावलं फरशीवर वाजतात तशी. एक. एक. एक. दाराशी थांबली.

मधे लाकडाची एक फळी. मालिनीला पलीकडचा श्वास ऐकू येत होता. तिनं श्वास घेतला की तोही घ्यायचा. तिनं रोखला. तोही थांबला. दाराच्या फटीतून वास आला. खारा. डिझेलचा. ओल्या दोरांचा. बोटीचा वास. तिच्या घरातून.

फटीला तोंड लावून कुणीतरी बोललं. अगदी हळू. आईला ऐकू जाऊ नये इतकं हळू.

"तू जा ना. तुला जायचं होतं ना."

...

आता हे मी सांगतोय ते मला मालिनीनंच पुढं सांगितलं, नाहीतर मला कसं कळणार. ती म्हणाली, "जयदेवभाऊ, खोटं नाही बोलणार. मी एक पायरी खाली उतरले. मला बरं वाटलं. क्षणभर असं वाटलं की सुटले. आईला सोबत आहे, माझ्यापेक्षा चांगली आहे, आई हसतेय. हातात बॅग आहे. निघून जावं. कुणाला कळणारसुद्धा नाही की मी गेले."

ती दुसरी पायरी उतरली.

आणि अजून एक सांगतो. आजवर कुणाला सांगितलं नाही. शेजारच्या घरात दोन माणसं जागी होती. त्यांना सगळं ऐकू येत होतं. एकाच बाईचे दोन आवाज, एक आतून, एक बाहेरून. त्यातली बाई पांघरुणात तोंड खुपसून रडत होती. आणि पुरुष दाराच्या कडीवर हात ठेवून उभा होता. त्याला ती कडी काढवली नाही. तो पुरुष मी. अकरा वर्षं झाली. अजून मालिनी समोर आली की मी आधी खाली बघतो.

तेवढ्यात आत आई कण्हली. तापात माणूस कण्हतं ना, तसं. झोपेतलं. "मालू..."

मालिनी वळली. दाराशी गेली. बॅग खाली ठेवली.

"आई," ती म्हणाली. मोठ्यानं. गल्लीला ऐकू जाईल इतकं. "आई, मी पुण्याला गेले नव्हते. मी खोटं बोलले. मी बोटीनं गोव्याला गेले होते. काही काम नव्हतं तिथं. मला फिरायचं होतं, एकटीला. तुझ्यापासून लांब. चार दिवस."

आत शांत.

"तुला सांगितलं असतं तर तू जा म्हणाली असतीस. मला ते नको होतं. मला तुझ्या परवानगीनं जायचं नव्हतं. मला नुसतं जायचं होतं."

शांत.

"आणि मला बरं वाटलं आई. रात्री कुणी हाक मारली नाही. मी झोपले. मला खूप बरं वाटलं..." पुढं तिला बोलवेना. कपाळ दाराला टेकवून ती उभी राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. आम्हाला भिंतीपलीकडं तो रात्रभर वाटला. मग आतून भागीरथीबाईंचा आवाज आला. तापानं जड झालेला. पण जागा.

"कसा होता गं समुद्र?"

मालिनीला हुंदका आला. "मोठा होता, आई."

"मी नाही बघितला कधी. तुझे बाबा नेणार होते. राहूनच गेलं." आई थांबली. धाप लागली होती. "ही तुझ्यासारखीच बोलते गं. पण मी हिला काल विचारलं, पुणं कसं होतं. तर म्हणाली, मी कुठं गेलेच नव्हते. मी कधी कुठं जातच नाही." परत थांबली. "माझी मालू तशी नाही. ती खिडकीत उभी राहते. मला दिसत नाही, पण ती उभी राहते ते कळतं मला." आणि मग म्हणाली, "ऐक गं तू, पायाशी बसलेली. खूप केलंस माझं. आता तिला आत येऊ दे."

...

आतून कडी सरकली.

दार उघडलं. कुणी ओढलं नाही. उघडलं. आणि गारठा आला. जानेवारीचा नव्हे. खोल पाण्यात पाय घातल्यासारखा. तो मालिनीच्या छातीतून आत शिरला आणि पाठीतून... नाही, पाठीतून बाहेर पडला की नाही, हे तिला कधी नक्की सांगता आलं नाही.

खोलीत आई एकटी. खाटेवर. कंदील तेवतोय. दुसरं कुणी नाही. मागचं दार आतून बंद.

"गेली?" मालिनीनं विचारलं.

"तुझ्यातूनच गेली की. दारात उभी होतीस ना." आईनं हात लांब केला. मालिनीनं धरला. "रडत होती बिचारी."

सकाळपर्यंत ताप उतरला. घामानं अंथरूण भिजलं. पाच वाजता मी आणि सुनेत्रा गेलो, तोंड वर न करता. मालिनी आईच्या पायाशी बसली होती. सुनेत्रानं तिच्या हाताला हात लावून बघितला. कोमट होता. तेव्हा कुठं सुनेत्रा रडली.

भागीरथीबाई त्यानंतर चार वर्षं जगल्या. मालिनीला त्यांनी दर वर्षी कुठं ना कुठं पाठवलं. "जा," म्हणायच्या, "पण मला सांगून जा. आणि आल्यावर सगळं सांग." बोट पुढं बंद झाली, मग ती गाडीनं जायची. कन्याकुमारीपर्यंत जाऊन आली. घोर नाही केला परत कधी.

हे सगळं ठीक. मनाचे खेळ म्हणा, तापातलं म्हणा, धोंडिबाची झोप म्हणा. मी पण म्हणून बघितलंय. पण त्या सकाळचं एक राहतं.

मालिनीला तहान लागली होती. कोपऱ्यात माठ होता. सुनेत्रा म्हणाली, माठ तर परवापासून रिकामा होता, मला भरायला सवडच झाली नाही. झाकण काढलं तर काठोकाठ भरलेला. मालिनीनं पेला बुडवला, तोंडाला लावला आणि थुंकली.

मी घेतला तिच्या हातून. चाखला. मी स्वतः.

खारट. आमच्याकडं नदीचं पाणी, गोडं. विहिरीचं असलं तर फार तर मचूळ लागतं. हे तसलं नव्हतं. जीभ आखडली.

"रात्रभर तेच पाजत होती ती मला," भागीरथीबाई खाटेवरून म्हणाल्या. "किती गोड होतं."

मी खाली वाकून माठात बघितलं. उजाडायला लागलं होतं, खिडकीतून उजेड पाण्यावर पडला होता. खोलीत आम्ही चौघं. कुणी हललं नव्हतं. माठाला कुणी हात लावला नव्हता.

आणि आतलं पाणी वर येत होतं... खाली जात होतं. संथ. वर... खाली.